कॅथोडला भोक पाडून वेगवान अणूंचा झोत: कितपत भरवशाचा?

धनभार
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत बसेल असा, सुमारे १० केईव्ही (म्हणजे १० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा हायड्रोजन अणूंचा (आयनांचा नव्हे) झोत उभा करायचा आहे. त्यावर एच-अल्फा या हायड्रोजनच्या लाल रेषेचं डॉप्लर सरकणं (वेगामुळे बदलणारी तरंगलांबी) मोजायचं आणि जमलं तर आइव्हज-स्टिलवेलच्या १९३८ च्या प्रयोगाच्या वाटेने दुसऱ्या क्रमाचा, म्हणजे कालविस्ताराचा परिणाम दिसतो का ते बघायचं.

हाताशी १५ केव्ही, ५ मिलीअँपिअरचा पुरवठा, डिफ्यूजन पंप, आणि अर्ध्या मीटरचा स्पेक्ट्रोमीटर आहे (मिलीमीटरला १२०० रेघांची जाळी, सीसीडी). जुन्या पुस्तकांतला सोपा मार्ग म्हणजे डिस्चार्ज नळीच्या कॅथोडला भोक पाडायचं आणि मागून येणारे कॅनाल किरण वापरायचे. गोल्डस्टाइनने १८८६ साली तेच केलं, स्टार्कने १९०५ मध्ये त्यातच डॉप्लर पाहिला. मग वेगळा आयन स्रोत, एक्स्ट्रॅक्शन (आयन खेचून बाहेर काढणं), गॅस सेल (ज्यात आयन उदासीन होतात ती गॅसची पेटी) हे सगळं लचांड लागतंच का? आणि झोतात अणूच आहेत हे कसं ठरवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (लाल प्रकाश असेल तर उत्तम.)

पंपवाला
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

निर्वातप्रेमी
सोपा मार्ग चालतो, पण त्यातून झोत नाही, खिचडी मिळते.

कारण आकड्यांत बघा. १० केईव्हीच्या आसपास प्रोटॉन हायड्रोजन रेणूकडून इलेक्ट्रॉन पळवतो त्याचा काटछेद (तसं होण्याची शक्यता दाखवणारं क्षेत्रफळ) साधारण ८ × १०^-१६ चौ. सेंमी. डिस्चार्ज ०.१ मिलीबारला चालवला तर घन सेंमीत सुमारे २.४ × १०^१५ रेणू, म्हणजे आयनाचा मुक्तपथ (दोन टकरींमधलं सरासरी अंतर) अर्धा सेंटीमीटर. कॅथोडसमोरचा काळोखा भाग मात्र काही सेंटीमीटरचा. आयन अर्धवट वेग घेतो, इलेक्ट्रॉन पळवून उदासीन होतो, त्याच वेगाने पुढे जातो. त्याच्या जागी उरलेला मंद आयन पुन्हा शून्यापासून धावायला लागतो. भोकातून बाहेर पडतात ते शून्यापासून पूर्ण व्होल्टेजपर्यंत सगळ्या ऊर्जांचे अणू आणि आयन. शिवाय अशा डिस्चार्जमध्ये तीन अणूंचा आयनच जास्त असतो, तो फुटला की ऊर्जा तिघांत वाटली जाते.

दाब ०.०१ मिलीबारपर्यंत उतरवला तर मुक्तपथ ५ सेंमी होतो, पण तिथे पाशेनच्या (दाबानुसार डिस्चार्जला लागणारं व्होल्टेज दाखवणाऱ्या) वक्राची डावी बाजू लागते. व्होल्टेज झपाट्याने चढतं आणि दाब जरा हलला की डिस्चार्ज विझतो किंवा ठिणगी पडते. एकच भोक, त्यात दाबही तोच, व्होल्टेजही तेच, प्रवाहही तोच. एकही खुंटी स्वतंत्रपणे फिरवता येत नाही.

आइव्हज आणि स्टिलवेल यांनीही निव्वळ भोकाचा कॅथोड वापरला नव्हता. त्यांची नळी डेम्पस्टरच्या धर्तीची होती. आयन एकीकडे तयार करायचे आणि प्रवेग मात्र जवळजवळ ठेवलेल्या छिद्रांच्या इलेक्ट्रोडांमध्ये द्यायचा, म्हणजे वाटेत टक्कर होण्याआधीच पूर्ण ऊर्जा मिळते.

तिरपा_डोळा
वरच्याला +१. पण फक्त डॉप्लर दाखवायचा असेल तर खिचडीही शिकवते. मूळ रेषेच्या शेजारी निळ्या बाजूला पसरलेला पंख दिसतो, तो वेगवान अणूंचाच. दुसऱ्या क्रमाचं नाव काढलंत तर मात्र निर्वातप्रेमी म्हणतात ते खरं.

काचकाम
या कामाला आरएफ (रेडिओ लहरींवर चालणारा) आयन स्रोत घ्या. थोनेमन पद्धतीची बाटली: २५ ते ५० मिमी व्यासाची बोरोसिलिकेट किंवा क्वार्ट्झची नळी, बाहेरून दोन कड्या किंवा काही वेढ्यांची कॉइल, ५० ते १०० मेगाहर्ट्झ, १०० ते २०० वॅट, आत दाब ०.०१ ते ०.०३ मिलीबार. वरच्या टोकाला टंगस्टनचा प्रोब, खालच्या टोकाला ॲल्युमिनियमचा निर्गम मार्ग, १.५ मिमी व्यास आणि १० मिमी लांबी. प्रोबला २ ते ३ केव्ही दिले की प्लाझ्मा त्या मार्गाकडे रेटला जातो.

खरी मेख काचेत आहे. हायड्रोजनचे सुटे अणू धातूवर आदळले की पटकन जोडी जमवतात, काचेवर त्यामानाने फारच सावकाश. म्हणून आत जितका धातू उघडा तितके प्रोटॉन कमी आणि दोन-तीन अणूंचे आयन जास्त. निर्गम मार्गाच्या तोंडाभोवती क्वार्ट्झची बाही चढवतात ती याचसाठी, प्लाझ्माला धातू दिसताच कामा नये. नीट बसवलेल्या स्रोतात ८० टक्क्यांहून जास्त प्रोटॉन मिळतात.

रंग हा सर्वांत स्वस्त मीटर. गडद किरमिजी-लाल असेल तर अणू भरपूर आहेत. फिकट, पांढुरकी गुलाबी छटा म्हणजे रेणू. स्रोत आधी लाल असून काही तासांनी फिका पडत गेला तर काचेवर तपकिरी थर शोधा. निर्गम मार्गाचा धातू उडून तिथे बसलेला असतो आणि अणू गिळत असतो.

रेवती_स
काचकाम, ओला हायड्रोजन वापरायची जुनी युक्ती राहिली. आर. डब्ल्यू. वुडने १९२० च्या सुमारास दाखवलं होतं की हायड्रोजनमध्ये थोडी पाण्याची वाफ असली की नळीत अणूंचा वर्णपट ठसठशीत येतो, कारण वाफेमुळे भिंतींची अणू जोडण्याची खोड मोडते. ध्रुवित अणुझोतांच्या स्रोतांत नॉझल १०० केल्व्हिनच्या खाली थंड ठेवतात आणि हायड्रोजनमध्ये किंचित ऑक्सिजन सोडतात ते त्याचसाठी. नॉझलवर बर्फाचा पातळ थर बसतो आणि अणू वाचतात.

काचकाम
खरं आहे. पण इथे नको. पाणी म्हणजे ऑक्सिजनचे आणि हायड्रॉक्सिलचे आयन झोतात, ते जड असल्याने इलेक्ट्रोड जास्त खरवडतात. काच स्वच्छ असेल तर कोरडा हायड्रोजन पुरतो.

सोलापूरकर
एवढं सगळं कशाला, निऑन पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर आणा. १५ केव्ही, ३० मिलीअँपिअर, लोहार चाळीत आरामात मिळेल.

निर्वातप्रेमी
सोलापूरकर, ३० मिलीअँपिअरला माणूस मरतो. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी एसी अर्ध-दिष्टीकरण करून ऊर्जा तळ्यात-मळ्यात होणार. व्होल्टेजमध्ये १ टक्का लहर असेल तर वेगात अर्धा टक्का, म्हणजे एच-अल्फाच्या सरकण्यात ०.०१५ नॅमी (नॅनोमीटर). धागाकर्त्याला पकडायचा आहे तो परिणाम त्याच्या निम्मा आहे. त्यांचा स्थिर पुरवठा आहे तोच बरा.

सोलापूरकर
बरं बाबा. पाट्या रंगवतो.

मुक्त_इलेक्ट्रॉन
आकडे एकदा एकत्र मांडतो, म्हणजे पुढे भांडण कमी.

१० केईव्हीचा हायड्रोजन अणू सेकंदाला सुमारे १,३८४ किमी जातो, प्रकाशवेगाच्या ०.००४६२ पट. एच-अल्फा ६५६.२८ नॅमी, समोरून पाहिल्यास सरकणं ३.०३ नॅमी. दोन अणूंचा आयन तेवढ्याच व्होल्टेजमधून आला आणि फुटला तर प्रत्येकी ५ केईव्ही, सरकणं २.१४ नॅमी. तीन अणूंचा असेल तर १.७५ नॅमी. वर्णपटात मूळ रेषेच्या बाजूला तीन शिखरं दिसतात, त्यांचं गुणोत्तर १ : ०.७०७ : ०.५७७. हे शुभलक्षण समजा. तीन शिखरं त्या गुणोत्तरात आली तर झोत निकोप. आली नाहीत तर ऊर्जा वाटेत कुठेतरी सांडते आहे.

दुसऱ्या क्रमाचा परिणाम: वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाचा निम्मा गुणिले तरंगलांबी, म्हणजे ०.००७० नॅमी. तुमच्या स्पेक्ट्रोमीटरला एका मिमीत दीड नॅमीच्या आसपास, सीसीडीचा एक पिक्सेल १४ मायक्रॉन धरला तर ०.०२ नॅमी. पकडायचं आहे ते पिक्सेलच्या एक तृतीयांश. अशक्य नाही, पण शिखराचं मध्य काळजीपूर्वक काढावं लागेल.

तिरपा_डोळा
आणि इथे बरेच जण ९० अंशांतून बघायच्या मोहात पडतात. "आडवं पाहिलं की पहिल्या क्रमाचा डॉप्लर शून्य, उरतो तो दुसरा" असं कागदावर. पण कोन २.३ मिलीरेडियनने चुकला की पहिल्या क्रमाचंच सरकणं ०.००७ नॅमी भरतं. झोताचा स्वतःचा पसारा त्याहून मोठा असतो.

म्हणून आरसा. झोताच्या अक्षावर जवळपास समोरून एक प्रकाश आणि आरशातून मागून दुसरा, दोन्ही एकाच चित्रात. निळी आणि लाल शिखरं यांची सरासरी घेतली की पहिला क्रम खलास. अक्षावर असल्याने बघायची दिशा १ अंशाने चुकली तरी चूक ०.०००५ नॅमीच्या आत. तेच ४५ अंशांतून पाहिलंत तर १ अंशाच्या चुकीला ०.०३७ नॅमी. आरसा बसवायला सोपा पडतो म्हणून बाजूची खिडकी निवडली की प्रयोग तिथेच संपला.

धनभार
भरपूर मिळालं. म्हणजे आरएफ बाटली, मग १० केव्हीवर खेचणं, मग गॅस सेल. सेलमध्ये किती दाब आणि किती लांबी?

निर्वातप्रेमी
१० सेंमी लांबी, ०.००५ मिलीबार हायड्रोजन. चौ. सेंमीमागे १.२ × १०^१५ रेणू होतात आणि साधारण ६० टक्के प्रोटॉन उदासीन होतात. आणखी गॅस घातला तर या ऊर्जेला ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा येते, पण तोवर झोत विखुरतो आणि बाकी चेंबर बिघडतं. ६० वर थांबा.

सेलची टोकं हा खरा प्रश्न. पातळ पत्र्याला ३ मिमीचं भोक पाडलंत तर हायड्रोजनसाठी त्याची वाहकता सेकंदाला ३.१ लिटर. दोन टोकांची ६.२. पंपाचा वेग २०० लिटर धरला तर चेंबरचा दाब ०.०००१५ मिलीबारच्या वर. त्याऐवजी दोन्ही टोकांना ३ मिमी आतल्या व्यासाच्या, ३० मिमी लांब नळ्या बसवा. गळती नवव्या हिश्श्यावर येते. त्याच पंपात दाब ०.००००२ च्या खाली. खर्च शून्य, फक्त नळ्या सरळ रेषेत बसवायचा वैताग. लेझर पॉइंटर घालून बघा.

पंपवाला
आता माझा विषय आला. दोन गोष्टी.

पहिली, गेज खोटं बोलतात आणि उलट्या दिशांना बोलतात. पिरानी नायट्रोजनवर जुळवलेला असतो, हायड्रोजन उष्णता जास्त वाहून नेतो, म्हणून तो खऱ्याच्या दीडपट ते दुप्पट दाब दाखवतो. आयनायझेशन गेज हायड्रोजनला कमी जागं असतं, ते खऱ्याच्या निम्म्याहूनही थोडं कमी दाखवतं. सेलवर पिरानी आणि चेंबरवर आयन गेज लावलं की दोघांच्या चुका विरुद्ध दिशेने. सेलमध्ये पुरेसा गॅस आहे असं वाटतं, नसतो. चेंबर साफ आहे असं वाटतं, नसतं. शक्य असेल तर सेलला कपॅसिटन्स मॅनोमीटर लावा, त्याला गॅस कुठला याच्याशी देणंघेणं नाही.

दुसरी, डिफ्यूजन पंप हायड्रोजनला उत्तम आहे, टर्बो पंपासाठी पैसे मागायला धावू नका. हलक्या रेणूला टर्बोचं दाबगुणोत्तर फार घसरतं. डिफ्यूजनचा दोष तेलाचा. तेलाची वाफ इलेक्ट्रोडवर बसते, झोताने तिचा कोळसा होतो, तो थर वीज वाहत नाही म्हणून भार साठवतो आणि झोत हळूहळू एका बाजूला सरकत जातो. सकाळी जुळवलेला झोत दुपारी भोकाबाहेर असेल तर हेच कारण. पंपावर थंड बॅफल (तेलाची वाफ अडवणारा अडसर) हवाच. आणि रोटरी पंपाचा धूर नळीने खिडकीबाहेर सोडा.

गांधीनगरहून
थोडं अवांतर. धागाकर्ते करत आहेत तेच टोकामॅकमध्ये (अणुसंमीलनाच्या चुंबकीय यंत्रात) मोठ्या प्रमाणावर करतात: आयन खेचा, गॅसमधून नेऊन उदासीन करा, उरलेले आयन वळवून टाका, अणू चुंबकीय क्षेत्रातून सरळ आत. मुक्त_इलेक्ट्रॉन यांची तीन शिखरं तिथेही रोजच्या निदानात वापरतात.

फरक ऊर्जेचा. प्रोटॉनसाठी ५० केईव्हीच्या पुढे इलेक्ट्रॉन मिळण्यापेक्षा गमावणं सोपं होतं आणि उदासीन वाटा कोसळतो. इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकला ड्युटेरियमचे १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) हवेत, तिथे धन आयन कामाचेच नाहीत. म्हणून ऋण आयन, त्यांचा जादा इलेक्ट्रॉन गॅसमध्ये सहज सुटतो आणि ६० टक्क्यांच्या आसपास उदासीन होतात. त्याची तयारी इटलीत पादोव्हाला चालते. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत रॉबिन हा ऋण आयन स्रोत आहे. इटरच्या निदान-झोताची १०० केईव्हीची जबाबदारी भारताकडे आहे.

सोलापूरकर
धनभार, ड्युटेरियम का नाही घालत? रेषा आणखी छान वेगळी दिसेल.

रेवती_स
सोलापूरकर, तुम्ही धागा पेटवायलाच येता का? ड्युटेरियम झोत धातूत मुरतो आणि नंतरचा झोत त्याच मुरलेल्या ड्युटेरियमवर आदळतो. १५ केव्हीला थोडे का होईना न्यूट्रॉन निघतात. साधा हायड्रोजन ठेवा.

क्ष-किरणांचंही इथेच सांगते. झोत सेलच्या तोंडावर आदळला की इलेक्ट्रॉन उडतात आणि धन स्रोताकडे उलटे धावतात. ते काचेवर आदळून क्ष-किरण देतात. १० ते १५ केव्हीला काच आणि पोलाद बरंच अडवतात, ३० केव्हीला काच पुरत नाही. एक्स्ट्रॅक्शन इलेक्ट्रोडच्या पुढे उणे १ केव्हीची कडी लावा, इलेक्ट्रॉन परत फिरतात, पुरवठ्यावरचा फुकटचा बोजाही जातो. विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला आधीच कळवा, एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम क्ष-किरण देणाऱ्या उपकरणांना लागू होतात.

उडता_अणू
मला वेगळंच हवंय. उपग्रहांच्या आवरणांवर चाचणीसाठी ऑक्सिजन अणू, साधारण ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. हाच सरंजाम कमी व्होल्टेजवर चालवला तर?

मुक्त_इलेक्ट्रॉन
नाही चालणार. १ सेंमी अंतरात १० केव्हीला प्रोटॉनची अवकाशभार-मर्यादा (आयन एकमेकांना ढकलतात म्हणून प्रवाहावर येणारी मर्यादा) चौ. सेंमीला ५४ मिलीअँपिअर आहे. ती व्होल्टेजच्या दीड घाताने बदलते. १० व्होल्टला उरतात १.७ मायक्रोअँपिअर, ऑक्सिजन सोळा पट जड म्हणून त्याचे आणखी चार भाग. एवढ्यात चाचणी म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

ही मधली पट्टी, १ ते २० इलेक्ट्रॉनव्होल्ट, अवघडच आहे. खालून नॉझल स्रोत येतो: हेलियममध्ये थोडा ऑक्सिजन, आरएफ डिस्चार्ज, स्वनातीत प्रसरण. अणू सेकंदाला अडीच किमीपर्यंत गेले तरी ऊर्जा अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट. वरून आयन येतात, ते अवकाशभारात अडकतात. ५ इलेक्ट्रॉनव्होल्टसाठी दोन वाटा. एक, प्लाझ्मासमोर थोडी ऋण धातूची पाटी ठेवायची, आयन आदळतात, उदासीन होऊन परततात. दुसरी, लेझर डेटोनेशन: शंकूच्या आकाराच्या नॉझलमध्ये ऑक्सिजनचा छोटा झोका सोडायचा आणि त्यावर कार्बन डायऑक्साइड लेझरचा काही जूलचा स्पंद केंद्रित करायचा. स्फोटलहर अणूंना सेकंदाला ८ किमीवर नेते, म्हणजे ५.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. कक्षेतल्या उपग्रहाचा वेग तेवढाच. मात्रा कॅप्टॉन या प्लास्टिकच्या झिजेवरून मोजतात, दर अणूला ३ × १०^-२४ घन सेंमी.

उडता_अणू
दंडवत. वेगळा धागा काढतो.

पंपवाला
काढाच. या धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत.

धनभार
मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहिलाय: अणूच आहेत हे कसं ओळखायचं? सेलनंतर वळण-पट्ट्या लावून आयन बाजूला काढले तरी फॅरडे कप (झोताचा विद्युतप्रवाह मोजणारा कप) धन प्रवाह दाखवणार असं वाचलं. म्हणजे आयन उरलेच ना?

निर्वातप्रेमी
हा सापळा जुना आहे. ४० मिमी लांब, १० मिमी अंतराच्या पट्ट्यांना १ केव्ही दिलेत की १० केईव्हीचा आयन ०.२ रेडियन वळतो, म्हणजे ११ अंश. कपात येणं शक्य नाही. कप दाखवतो तो प्रवाह अणूंनी कपाच्या धातूतून उडवलेल्या इलेक्ट्रॉनांचा. इलेक्ट्रॉन बाहेर पडले की कप धन दिसतो.

तपासायला कपालाच +१०० व्होल्ट द्या. इलेक्ट्रॉन बाहेर जाऊ शकत नाहीत. प्रवाह शून्यावर आला तर ते अणू होते. आयन असते तर प्रवाह राहिला असता. मग −१०० व्होल्ट देऊन प्रवाह परत येतो का बघा.

पण त्यावरून अणूंची संख्या काढू नका. एका अणूमागे किती इलेक्ट्रॉन उडतात हे धातूच्या पृष्ठभागावर आणि त्यावरच्या तेलावर ठरतं. संख्येसाठी उष्णता मोजा. १ चौ. सेंमी, ०.१ मिमी जाड तांब्याचा तुकडा, मागे बारीक थर्मोकपल, दोऱ्याने टांगलेला. १० मायक्रोअँपिअर इतके १० केईव्हीचे अणू म्हणजे ०.१ वॅट, आणि तांबं सुरुवातीला सेकंदाला जवळजवळ ३ अंशांनी तापतं. शटर उघडून पहिल्या काही सेकंदांचा उतार घ्या. पुढे उष्णता गळायला लागते.

तिरपा_डोळा
प्रकाश कुठून घ्यायचा तेही ठरवा. सेलमध्ये इलेक्ट्रॉन पकडताना अणू तिसऱ्या पातळीवर पोचला तर तोच एच-अल्फा देतो. त्या पातळीच्या तीन उपपातळ्यांपैकी ३एसचं आयुष्य १५८ नॅनोसेकंद, म्हणजे या वेगाला २२ सेंमी. ३डीचं १५.५, म्हणजे २ सेंमी. ३पी तर ७ मिमीतच संपतो आणि बहुतेक वेळा तो लाल प्रकाश देतच नाही, थेट तळाला जातो. म्हणून सेलच्या आत किंवा तोंडाशी बघा, अर्धा मीटर पुढे काळोख असेल.

आत पाहिलं तर न सरकलेली एच-अल्फा डोळे दिपवते, कारण सेलमधला हायड्रोजनच फुटतो. सेलमध्ये आरगॉन घातला तर ती बरीच उतरते. नायट्रोजन टाळा, त्याचे पट्टे नेमके लाल भागात येतात. मूळ रेषेची जागा हवी असेल तर हायड्रोजनचा दिवा त्याच फटीतून आळीपाळीने घ्या.

काचकाम
आणखी एक, कारण हे हमखास चुकतं. आरएफ बाटलीत प्लाझ्मा प्रोबच्या व्होल्टेजच्या जवळ बसतो, निर्गम मार्गाच्या नव्हे. निर्गम मार्गाला १० केव्ही आणि त्याच्या वर प्रोबला २.५ केव्ही दिलेत तर अणू १० चे नव्हे, १२.५ केईव्हीच्या आसपास निघतात. मग सरकणं ३.०३ ऐवजी ३.३९ नॅमी येतं आणि लोक स्पेक्ट्रोमीटर उघडून बसतात. ऊर्जा मीटरवरून लिहू नका, तीन शिखरांवरून काढा.

शिवाय आरएफमुळे आयनांच्या ऊर्जेत ५० व्होल्ट किंवा जास्त पसारा असतो. ५० व्होल्टला रेषेची रुंदी ०.००८ नॅमीने वाढते. ती रुंदी आहे, सरकणं नाही, पण मध्य काढताना त्रास देते. ड्युओप्लाझ्मॅट्रॉन या दुसऱ्या प्रकारच्या आयन स्रोतात पसारा बराच कमी, बदल्यात फिलामेंट जळणं आणि चुंबक आले.

रेवती_स
गॅसची नळी राहिली. स्रोत +१० केव्हीला आणि सिलिंडर जमिनीला. मध्ये कमी दाबाची प्लास्टिक नळी ठेवलीत तर तिच्यातच डिस्चार्ज पेटतो. नियंत्रक झडप व्होल्टेजच्या टोकाला ठेवा, म्हणजे नळीत वातावरणापेक्षा जास्त दाब राहतो आणि ती गप्प बसते. झडप फिरवायला लांब ॲक्रिलिकचा दांडा.

मुक्त_इलेक्ट्रॉन
किंवा उलटं करा: स्रोत जमिनीला आणि सेल उणे १० केव्हीला. आयन सेलमध्ये पडताना वेग घेतात, उदासीन झालेले अणू तोच वेग घेऊन बाहेर पडतात, न झालेले आयन बाहेर येताना मंदावतात आणि गळून पडतात. वळण-पट्ट्याही वाचल्या.

रेवती_स
आणि सेलमधून सुटलेले इलेक्ट्रॉन? ते उणे १० केव्हीवरून जमिनीकडे, म्हणजे अणूंच्याच दिशेने, थेट डिटेक्टरवर १० केईव्हीने. उष्णतामापक त्यांनाही मोजेल. सेलच्या तोंडाशी उणे १०.५ केव्हीची कडी लावली तर थांबतात. शिवाय सेलच्या गॅसची नळी आता उणे १० केव्हीला गेली, प्रश्न फक्त घर बदलून आला.

मुक्त_इलेक्ट्रॉन
मान्य. युक्ती मागे घेतो, कडीसकट.

धनभार
सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: आरएफ बाटली, निर्गम मार्ग ७.५ केव्ही आणि प्रोब त्यावर २.५, १० सेंमीचा आरगॉन सेल लांब नळ्यांच्या टोकांसह, टांगता तांब्याचा तुकडा, अक्षावर आरसा. हायड्रोजन सोडायला सुईची झडप की पॅलेडियम?

काचकाम
पॅलेडियम, पण चांदीमिश्रित. ३०० ते ४०० अंशांना तापवलेल्या नळीतून हायड्रोजनशिवाय काहीच जात नाही, म्हणजे स्रोतात हवा आणि ओल नाही, आणि तापमान बदलून दाब जुळवता येतो. तापमानाला प्रतिसाद सावकाश मिळतो, उतावीळपणे नॉब फिरवू नका. बंद करताना आधी हायड्रोजन उपसून टाका, मग नळी थंड करा. भरलेली नळी थंड केली तर ती फुगते, वाकते आणि चिरते.

पंपवाला
सेलमध्ये आरगॉन ठरलाय तर वर लिहिलेलं गेजचं सुधारून घ्या. पिरानी आरगॉनला कमी दाखवतो आणि आयन गेज जास्त. दोन्ही पुन्हा उलटे.